सरकत्या ट्रेलरची बोगी नेमकी कोठे लावावी?

खेड तालुक्यातील एका वाहतूकदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी बोगी (मागच्या धुऱ्यांचा आणि चाकांचा संच) मागेपुढे सरकणारा एक जुना स्केलेटल, म्हणजे डबा ठेवण्यापुरता नुसता सांगाडा असलेला, ट्रेलर विकत घेतला असून तो दोन धुऱ्यांच्या हॉर्सला (पुढच्या ओढणाऱ्या गाडीला) जोडला आहे. लोटे येथील औद्योगिक वसाहतीतून रसायनांचे वीस फुटी डबे (कंटेनर) आणि रत्नागिरीच्या मिरजोळे वसाहतीतून गोठवलेल्या मासळीचे चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेले, डबे ते न्हावा शेवा बंदरात पोहोचवतात. सांगाड्यावरच्या भोकांच्या ओळीत खुंट्या घालून बोगी हव्या त्या जागी अडकवता येते, पण चालक ती कायम एकाच भोकात ठेवतो. वीस फुटीसाठी कोणते भोक आणि चाळीस फुटीसाठी कोणते, हे एकदा सांगून टाकावे, अशी त्यांची अपेक्षा आहे.

उरणच्या यार्डात आणि मुंबई-गोवा महामार्गावर ट्रेलर चालवण्यात व नंतर चालवून घेण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून मला प्रथम हेच सांगावे लागते की प्रश्नाची मांडणी थोडी बदलायला हवी. बोगीचे भोक डब्याच्या लांबीवरून ठरत नाही. डब्याचे वजन किती आहे, त्या वजनाचा मध्य किंगपिनपासून (ट्रेलरचे पुढचे टोक हॉर्सला ज्या खिळ्याने जोडले जाते तेथून) किती अंतरावर पडतो आणि गाडी रस्त्यावर धावणार आहे की गोदामाच्या धक्क्याला उभी राहणार आहे, या तीन गोष्टींवरून ते ठरते. लांबीवरून ठरतात ती फक्त डब्याचे कोपरे सांगाड्याला पकडून ठेवणारी लॉक.

लॉकचा विषय आधी संपवतो. वीस फुटी डब्याची प्रत्यक्ष लांबी ६.०५८ मीटर असते आणि चाळीस फुटीची १२.१९२ मीटर. दोन वीस फुटी डबे एका मागे एक ठेवले की मध्ये ७६ मिलिमीटरची फट राहते आणि एकूण लांबी बरोबर चाळीस फुटीएवढी होते. म्हणूनच एकाच सांगाड्यावर दोन्ही मापे बसतात. लॉकच्या भोकांचे मध्य ते मध्य अंतर आडव्या बाजूने दोन्हींत २.२५९ मीटर, लांबीच्या बाजूने वीस फुटीत ५.८५३ आणि चाळीस फुटीत ११.९८५ मीटर असते. चाळीस फुटी डबा ठेवण्यापूर्वी मधली वीस फुटीची लॉक खाली दाबून बसवलेली आहेत याची खात्री करावी. एखादे लॉक वर राहिले तर डब्याचा तळ त्यावर टेकतो, कोपरे उचललेले राहतात आणि पुढची लॉक फिरतच नाहीत. पंचेचाळीस फुटी डबा कोकणातून क्वचितच निघतो. त्याला चाळीस फुटीच्या जागी मधले कोपरे दिलेले असतात, त्यामुळे तो त्याच लॉकवर बसतो आणि दोन्ही टोकांना सुमारे ७६ सेंटिमीटर बाहेर राहतो. तेव्हा वळणावर त्याचे पुढचे टोक हॉर्सच्या केबिनला लागणार नाही ना, एवढे पाहावे.

आता मुख्य मुद्दा. मी माझ्या एका ट्रेलरची मापे घेऊन हिशेब मांडतो. आपल्या ट्रेलरची मापे टेपने मोजून त्यात घालावीत. समजा डब्याच्या पुढच्या टोकापासून किंगपिन ०.९ मीटर मागे आहे आणि किंगपिनपासून तीन धुऱ्यांच्या बोगीचा मध्य ९ मीटरवर आहे. रिकाम्या ट्रेलरचे वजन साडेपाच टन धरू, त्यांपैकी दीड टन किंगपिनवर आणि चार टन बोगीवर येतात. हॉर्सचे स्वतःचे वजन सात टन धरू. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने धुऱ्यांच्या वजनाची मर्यादा वाढवली, त्यानुसार पुढच्या धुऱ्यावर ७ टन, चार टायरांच्या एका धुऱ्यावर ११.५ टन आणि तीन धुऱ्यांच्या बोगीवर २७ टन, असे पाच धुऱ्यांच्या गाडीला एकूण ४५.५ टन मिळतात. जुन्या गाडीच्या नोंदणीपुस्तकात याहून कमी आकडा असू शकतो आणि तपासणी नाक्यावर पुस्तकातला आकडाच चालतो, म्हणून तो आधी पाहावा.

या मर्यादांतून डब्याच्या वाट्याला काय उरते? हॉर्सच्या दोन धुऱ्यांची मर्यादा १८.५ टन, त्यातून हॉर्सचे सात आणि ट्रेलरचे दीड टन वजा केले की डब्याचे जास्तीत जास्त १० टन किंगपिनवर टाकता येतात. बोगीच्या २७ टनांतून ट्रेलरचे चार टन गेले की २३ टन उरतात. म्हणजे २८ टनांचा डबा असेल तर किंगपिनवर त्याचा वाटा किमान ५ आणि कमाल १० टन असला पाहिजे. एवढीच खिडकी आहे आणि बोगी सरकवण्याचा सगळा खटाटोप वजन या खिडकीत आणण्यासाठी असतो.

लोट्याहून निघालेला, पोत्यांनी भरलेला आणि डब्यासकट २८ टन भरणारा वीस फुटी डबा ट्रेलरच्या बरोबर मध्यावर ठेवला, असे समजा. त्याच्या वजनाचा मध्य किंगपिनपासून ५.२ मीटरवर येतो. बोगीवर २८ गुणिले ५.२ भागिले ९, म्हणजे १६.२ टन जातात आणि उरलेले ११.८ टन किंगपिनवर येतात. गाडीचे एकूण वजन साडेचाळीस टन, म्हणजे मर्यादेच्या पाच टन आत. तरीही हॉर्सवर पावणेदोन टनांहून अधिक जादा भार आहे. एकूण वजनाची पावती खिशात ठेवून निर्धास्त राहणारे चालक नेमके येथेच फसतात. आता बोगी एक मीटर पुढे घ्या. नऊचे आठ मीटर झाले, बोगीवर १८.२ टन गेले आणि किंगपिनवर ९.८ टन उरले. दोन्हीकडचे वजन मर्यादेत आले आणि त्यासाठी डबा एक इंचही हलवावा लागला नाही. या ट्रेलरवर आणि या वजनाला बोगी १० सेंटिमीटर सरकली की साधारण २०० किलो इकडचे तिकडे होतात, हे प्रमाण लक्षात ठेवले तर भोके मोजून अंदाज बांधता येतो.

या हिशेबातून एक गोष्ट दिसते, जी कित्येक जुन्या चालकांना सांगूनही पटत नाही. समान भरलेल्या २८ टनांच्या चाळीस फुटी डब्याचा मध्यही किंगपिनपासून ५.२ मीटरवरच येतो. म्हणजे मध्यावर ठेवलेला वीस फुटी आणि पूर्ण लांबीचा चाळीस फुटी, वजन सारखे असेल तर बोगीची जागाही सारखीच. सांगाड्यावरचा ताण मात्र सारखा नसतो, कारण वीस फुटीचे वजन मधल्या सहा मीटरांवरच एकवटते आणि जुन्या ट्रेलरच्या तुळयांना तडे बहुधा तेथेच जातात. आपण ट्रेलर जुना घेतला आहे, तेव्हा मधल्या लॉकांच्या आडव्या पट्ट्यांखालील वेल्डिंग एकदा घासून, उजेडात पाहून घ्यावे.

उलट, ड्रम भरलेला डबा पाहा. दोनशे लिटरचे ८० ड्रम वीस फुटीत मावतात आणि डबा साधारण २० टनांच्या आसपास भरतो. मध्यावर ठेवल्यास किंगपिनवर ८.४ टन येतात, म्हणजे बोगी नऊ मीटरवरच राहू दिली तरी चालते. आपला चालक बोगी एकाच भोकात ठेवतो आणि आजवर काही बिघडले नाही, याचे कारण बहुधा ड्रमच्या फेऱ्या जास्त आणि पोत्यांच्या कमी, हे असावे.

रीफरची गोष्ट वेगळी आहे. चाळीस फुटी हाय-क्यूब (जास्त उंचीचा) रीफर रिकामाच साडेचार टनांहून जास्त भरतो, मासळीने भरला की ३० टनांच्या जवळ जातो. शिवाय शीतयंत्र पुढच्या टोकाला असते आणि वाटेत वीज देणारा जेनसेट पुढच्या भिंतीला टांगलेला असेल तर आणखी सुमारे पाऊण टन पुढेच पडतो. वजन समान धरले तरी ३० टनांत किंगपिनवर १२.७ टन येतात. पुढचे यंत्र धरून ते तेरा टनांच्या पुढे जातात. १० टनांच्या आत आणायचे तर बोगी किमान १.२ मीटर, आणि जेनसेट पुढे असेल तर त्याहूनही दोन-तीन भोके पुढे घ्यावी लागते. मग डब्याचे मागचे टोक बोगीच्या मध्यापासून साडेतीन मीटरांहून जास्त बाहेर येते. घाटाच्या वळणावर हे शेपूट बाहेरच्या बाजूला झाडूसारखे फिरते आणि कठड्याला किंवा बाजूच्या गाडीला लागते. कशेडीच्या जुन्या रस्त्याने, भोस्ते घाटात आणि परशुराम घाटात गाडी नेताना चालकाला हे माहीत असलेच पाहिजे, कारण पुढच्या चाकांना जागा मिळाली म्हणून मागच्या टोकालाही मिळेल असे नाही. त्याची भरपाई म्हणून गाडी आखूड वळते, हा फायदा गावातल्या फाट्यांवर जाणवतो. हाय-क्यूबची उंचीही विसरू नये: डबा २.८९६ मीटर आणि सांगाडा दीड मीटरच्या वर, म्हणजे जमिनीपासून साडेचार मीटरच्या आसपास. कारखान्याच्या आतल्या रस्त्यांवर आंब्याच्या फांद्या आणि सैल पडलेल्या विजेच्या तारा इतक्या उंचीचा विचार करून राहिलेल्या नसतात.

दोन वीस फुटी एकदम न्यायचे असतील तर आणखी एक हिशेब लागतो. पुढच्या डब्याचे सुमारे ७६ टक्के वजन किंगपिनवर येते, मागच्याचे जेमतेम ८ टक्के. सोळा-सोळा टनांचे दोन डबे ठेवले तर किंगपिनवर साडेतेरा टन होतात. तेच पुढे दहा टनी आणि मागे बावीस टनी ठेवला तर साडेनऊच्या आत बसते. दोन्ही वेळी एकूण वजन ३२ टनच आहे. तेव्हा दोन धुऱ्यांच्या हॉर्सला हलका डबा पुढे आणि जड मागे, हा क्रम यार्डात डबे चढवतानाच सांगावा, कारण डबे उचलणारे यंत्र, रीच स्टॅकर, निघून गेल्यावर डबे बदलून द्यायला कोणी परत येत नाही. तीन धुऱ्यांच्या हॉर्सला किंगपिनवर बराच जास्त भार चालतो, म्हणून त्या गाड्यांचे चालक सांगतील ती जागा आपल्या गाडीला लागू होईलच असे नाही.

आता सर्वांत धोक्याची स्थिती, आणि येथे मी थोडा थांबणार आहे. गोदामाच्या धक्क्याला दार लावायचे म्हणून पुष्कळ वेळा वीस फुटी डबा ट्रेलरच्या अगदी मागच्या लॉकवर ठेवतात. तेव्हा वजनाचा मध्य किंगपिनपासून ८.२६ मीटरवर जातो. बोगी ९ मीटरवर असेल तर २८ टनांपैकी २५.७ टन बोगीवर आणि २.३ टन किंगपिनवर येतात. बोगीवरचा भार ट्रेलर धरून ३० टनांच्या घरात जातो, म्हणजे रस्त्याच्या दृष्टीने तो आधीच जादा आहे. हॉर्सची मागची चाके हलकी होतात आणि पावसात चढावर जागच्या जागी फिरू लागतात. पण समजा आदल्या फेरीत रीफरसाठी बोगी एक मीटर पुढे घेतली होती आणि ती परत मागे नेण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. मग बोगी ८ मीटरवर आणि वजनाचा मध्य तिच्याही मागे, ८.२६ मीटरवर. डबा किंगपिनला दाबण्याऐवजी सुमारे ९०० किलोंनी वर उचलतो आणि ट्रेलरचे स्वतःचे वजन तेवढे त्याला कसेबसे खाली धरून ठेवते. दाराजवळ माल जास्त असला, किंवा फोर्कलिफ्ट दारातून आत शिरली, की तेवढाही आधार संपतो. हॉर्स सोडलेला असताना असे झाले तर ट्रेलर नाक वर करून मागे बसतो. मागच्या लॉकवर डबा आणि पुढे घेतलेली बोगी, या दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर रोजच्याच आहेत; त्या एकत्र येऊ देऊ नयेत. माझ्या गाड्यांवर नियम असा आहे की धक्क्याला लावताना बोगी पूर्ण मागे आणि माल चढ-उतार होईपर्यंत हॉर्स सुटत नाही.

प्रत्यक्ष सरकवण्याची कृती चालक जाणतात, पण ज्या पायऱ्या गाळल्या जातात त्या लिहून ठेवतो. जागा सपाट आणि शक्यतो काँक्रीटची असावी, हॉर्स आणि ट्रेलर एका रेषेत असावेत. ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लावून बोगीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्यावेत. रस्त्याकडेचा जांभा दगड वापरू नये, तो दाबाखाली फुटतो. मग दांडी ओढून खुंट्या बाहेर काढाव्यात आणि चारही खुंट्या पूर्ण बाहेर आल्या आहेत हे वाकून डोळ्यांनी पाहावे. बोगी जमिनीला धरलेली असते, हलतो तो वरचा सांगाडा; म्हणून बोगी पुढे घ्यायची असेल तर हॉर्स मागे घ्यावा लागतो आणि बोगी मागे न्यायची असेल तर हॉर्स पुढे. नवा चालक हमखास उलटे करतो. हॉर्स पहिल्या गिअरमध्ये, क्लच धरून, इंच-इंच हलवावा. क्लीनरने त्या वेळी चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये उभे राहू नये, आणि भोक जुळले का हे बोट घालून तर कधीच पाहू नये. बोगीला जाणाऱ्या हवेच्या नळ्या आणि दिव्यांची वायर ताणली जात नाही ना, हेही बाजूने पाहत राहावे. दांडी परत सोडल्यावर खुंट्या खटकन बसल्याचा आवाज येतो. त्या आवाजावर विसंबू नये. बॅटरी घेऊन चारही खुंट्या आरपार आलेल्या पाहाव्यात, मग ट्रेलरचा ब्रेक तसाच ठेवून हॉर्स एकदा पुढे आणि एकदा मागे हलका ओढावा.

मी स्वतः हे पाहण्याचा आळस एकदा केला आहे. श्रावणातली रात्र होती, खुंट्यांच्या भोकांत लाल चिखल घट्ट बसला होता, आवाज आला म्हणून मी निघालो. गव्हाण फाट्याच्या अलीकडे समोर रिक्षा आडवी आली, करकचून ब्रेक दाबला आणि मागून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. चारांपैकी दोन खुंट्या बसल्याच नव्हत्या, उरलेल्या दोन वाकून निसटल्या होत्या, आणि बोगी मागे सरकत जाऊन शेवटच्या अडसरावर आदळली होती. अडसर टिकला म्हणून डबा रस्त्यावर आला नाही. तेव्हापासून गाडी विकत घेताना मी इंजिनाआधी अडसर पाहतो.

किनाऱ्यालगतच्या हवेमुळे या यंत्रणेला येथे जास्त जपावे लागते. खाऱ्या वाऱ्याने खुंट्या गंजून भोकात धरतात, आणि महिनोन्महिने न हलवलेली बोगी हातोड्याशिवाय हलत नाही, अशी वेळ येते. हातोडा मारू नये. हॉर्स हलकेच मागेपुढे करून खुंटीवरचा ताण मोकळा केला की ती बहुधा सुटते. महिन्यातून एकदा बोगी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन आणावी, पावसाळ्यात दर फेरीनंतर भोके पाण्याच्या फवाऱ्याने धुवावीत आणि खुंट्यांना ग्रीस लावावे. सरकपट्टीवर मात्र ग्रीसचा थर देऊ नये, त्यात घाटातली माती बसून तो पॉलिश पेपरसारखा घासतो. तेथे पातळ तेल पुरते.

राहता राहिला प्रश्न वजनाचा मध्य कळायचा कसा. निर्यातीच्या प्रत्येक डब्याचे तपासलेले एकूण वजन १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढवण्यापूर्वी द्यावेच लागते, तेव्हा एकूण आकडा पाठवणाऱ्याकडून आधीच मागून घेता येतो. पण आत माल पुढे जास्त आहे की मागे, हे कागद सांगत नाही. त्यासाठी वजनकाट्यावर गाडी दोनदा घ्यावी: आधी फक्त हॉर्सचे दोन धुरे काट्यावर येतील अशी, मग पूर्ण. पहिल्या आकड्याने हॉर्सवरचा भार कळतो, दोन्हींच्या फरकाने बोगीवरचा. काट्याच्या फलाटाबाहेरची जमीन त्याच पातळीत असली पाहिजे, नाहीतर आकडा फसवतो. ठरावीक कारखान्याचा ठरावीक माल असेल तर तीन-चार फेऱ्यांत प्रत्येकाची जागा पक्की होते. मग सांगाड्यावर त्या भोकापाशी रंगाची खूण करावी. माझ्याकडे रीफरला पांढरा, पोत्यांच्या वीस फुटीला पिवळा आणि धक्क्याला लावण्याच्या जागेला लाल रंग आहे, आणि रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या चालकालाही तो वाचता येतो.